काचेतले हात

कंपाउंडरांनी चहाचा कप उचलला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला. समोर त्यांचा शाळासोबती तणतणत होता. ज्या चोराच्या नावाने तो बोटं मोडत होता, त्याचा माल कंपाउंडरांनी स्वतःच्या हाताने पोचवला होता.

हेडबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. निदान कंपाउंडरांची तशी समजूत होती.

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. उभी हयात मुलांच्या कॉप्या पकडण्यात गेली, आता मोठ्यांच्या भानगडी सोडवत. कंपाउंडर त्यांचे शेजारी. डोकं जरा सावकाश चालायचं, पण सोबतीला माणूस पक्का.

"लंगडा हेर माझा नाही, कबूल," शाळासोबती म्हणत होता. तो सिनेमाच्या पटकथा लिहायचा. "त्याच्या गोष्टी लिहिणारा जाऊन जमाना झाला, हक्क संपले. तो आता सगळ्यांचा. कोणीही त्याच्यावर सिनेमा लिहावा. पण शेवट माझा आहे, हेडबाई. मूळ गोष्टीत विष घालणारा आपणहून रडत कबुली देतो. माझ्या पटकथेत हेर दाराकडे पाठ करून बसलेला असतो आणि समोरच्या पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत त्याला पेले बदलणारे हात दिसतात. चेहरा नाही, नुसते हात. हाच शेवट, शब्दन् शब्द, माझ्याआधी निर्मात्याकडे पोचला. पाकिटावर नाव नाही, गाव नाही. तो म्हणतो, लेखक कोण ते आधी ठरवा, नाहीतर सिनेमा रद्द."

"संशय कोणावर?"

"जुन्या सहायकावर. भांडून गेला होता. आणि घरातलं कोणी निघालं, तर त्याच पावली घराबाहेर काढीन. सख्खी बहीण असली तरी."

याच्या धाकट्या बहिणीने, ताईने, गेल्या आठवड्यात कंपाउंडरांच्या हातात एक बंद पाकीट ठेवलं होतं. "निर्मात्याच्या ऑफिसात द्याल? दादाला बोलू नका." त्यांनी काही विचारलं नव्हतं. ताई भावाकडेच राहायची, त्याचं सगळं टाइप करून द्यायची. ती चोरी करील हे त्यांना पटत नव्हतं, आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. बोललं तर ती रस्त्यावर, गप्प बसलं तर मित्राशी बेइमानी.

सहायक आता जाहिरातींना आवाज द्यायचा. तो स्टुडिओच्या जिन्यातच भेटला.

"मी कशाला चोरू?" तो म्हणाला. "लंगडा हेर फुकट मिळतो, पुस्तक उघडलं की झालं. सरांच्या घरी मी पाय ठेवून वर्ष झालं."

"तिथे काम कसं चालायचं?"

"सर आरामखुर्चीत पडून अर्धा तास सांगायचे. मग फिरायला निघायचे. ताईंचं टाइपिंग मात्र संध्याकाळपर्यंत चालू."

"हात सावकाश असेल तिचा," कंपाउंडर म्हणाले.

"छे हो. बोटं दिसत नाहीत इतका भरभर."

हेडबाई नुसत्या हसल्या. कंपाउंडरांना ते हसू मुळीच आवडलं नाही.

पटकथाकाराच्या घरी लिहिण्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. ताई दाराकडे पाठ करून टाइप करत होती. तिच्या समोर पुस्तकांचं कपाट होतं. त्याची वरची काच केव्हातरी फुटली असावी, तिथे खाकी कागद चिकटवला होता. खालची काच धड होती आणि तिच्यामागे काळ्या पुठ्ठ्यांचे खंड दाटीने उभे होते.

कंपाउंडर अपराध्यासारखे आत शिरले.

"अंगठ्याला काय झालं, कंपाउंडर?" ताईने मान न वळवता विचारलं.

"पत्रा लागला. सकाळीच," ते पुटपुटले. एवढ्यात हिला कोणी सांगितलं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण तिची आपुलकी ऐकून त्यांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही खुर्ची कोणाची?" हेडबाईंनी विचारलं.

"माझीच. हिच्यावर दादाची पाठ धरते. तो कधी बसत नाही."

तेवढ्यात पटकथाकार आला. हेडबाई त्याला म्हणाल्या, "तुमचा हेर कुठे बसतो, ते बसून दाखवा."

तो खिडकीजवळच्या आरामखुर्चीत ऐसपैस बसला. "हा असा."

"काचेत काय दिसतंय?"

"खिडकीचा उजेड. अहो, सिनेमा आहे तो, मोजमाप कोण बघतो?"

"आणि हेराला चेहरा का दिसत नाही?"

"चेहरा दिसला तर रहस्य संपलंच की."

हेडबाईंनी मान डोलावली. कंपाउंडरांना आता राहवेना.

"पाकीट मी नेलं," ते म्हणाले. "आत काय होतं ते ठाऊक नव्हतं. पण नेलं मीच."

"माहीत आहे," हेडबाई शांतपणे म्हणाल्या. "एरवी तुम्ही चहा संपायच्या आत कोणाला तरी चोर ठरवून मोकळे होता. आज एकावरही बोट ठेवलं नाहीत. कोणाला तरी पाठीशी घालत होतात, आणि या घरात तुमचा जीव अडकावा अशी दोनच माणसं."

पटकथाकार ताडकन उठला. "म्हणजे चोर ही?"

"खाली बसा. कंपाउंडर, तुम्ही ताईंच्या खुर्चीत बसा."

ताई उठली. कंपाउंडर बसले. हेडबाई दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काय दिसतं?"

"तुमचे हात," कंपाउंडर हळूच म्हणाले. "पदर, पर्स. चेहऱ्याच्या जागी खाकी कागद."

"मघाशी ताईंना तुमच्या अंगठ्याची पट्टी अशीच दिसली. हा शेवट या एकाच खुर्चीत बसून सुचू शकतो, आणि ज्याला सुचला त्याला चेहरा का नाही याचं कारण बनवावं लागत नाही. अर्ध्या तासाचं बोलणं भरभर टाइप करायला दिवस लागत नाही. दिवस लागतो लिहायला. हेर सगळ्यांचा आहे. शेवट ताईंचा आहे. त्यांनी स्वतःचीच वस्तू पाठवली."

"मला कळत होतं," पटकथाकार म्हणाला. "मी सांगायचो त्यापेक्षा कागदावर नेहमी चांगलंच यायचं. मी मुद्दाम कधी विचारलं नाही."

"पाकिटावर नाव घालायला माझा हात धजला नाही, दादा. इतकी वर्षं तुझंच टाइप केलं."

कंपाउंडर खुर्चीतून उठले. "ताई, मी तुम्हाला चोर समजलो. बोललो नाही, पण समजलो."

"म्हणून मघाशी माझ्याकडे बघत नव्हतात," ती म्हणाली. तिला लागलं होतं, आणि ते तिने लपवलं नाही. कंपाउंडरांना वाटलं, हिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"पहिलं पान काढ," पटकथाकार म्हणाला. "तुझं नाव टाइप कर."

"नाही. आज तू बस. मी सांगते."

तो त्या खुर्चीत बसला. पाठ धरली असणार, पण बोलला नाही. ताई मागे उभी राहून आपलं नाव सांगू लागली आणि तो एका बोटाने अक्षरं शोधू लागला. पहिलंच अक्षर सापडेना. मध्येच त्याची नजर समोरच्या काचेवर गेली. तिथे बहिणीचे दोन हात होते, एकमेकांत घट्ट धरलेले. तो तिथेच थांबला.

कंपाउंडर मदतीला पुढे झाले. हेडबाईंनी त्यांची बाही धरली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याला शोधू द्या."