सदतिसावं छिद्र

"मॅडम, वर्ग राहू द्या. आधी इकडे या!"

क्लासच्या संचालकांच्या टेबलावर सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका पसरल्या होत्या. खरी प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली.

"सदतिसावा प्रश्न अख्ख्या वर्गाचा चुकलाय. एकीचा सोडून. आणि ती कोण, तर मागच्या खेपेला पंचावन्नावर अडकलेली! आज एकाहत्तर. उत्तरं फुटलीत. पाच वाजता तिची मावशी येतेय. कॉपी केली म्हणून नाव काढून टाकतो."

गणिताच्या मॅडमनी प्रश्न उभ्याउभ्याच सोडवला. उत्तर तिसरा पर्याय. पेपर त्यांचाच, उत्तरसूचीही त्यांचीच, तिच्यातही तिसराच. वर्गातल्या बहुतेकांनी तिसरंच वर्तुळ काळं केलं होतं, तरी गुण शून्य. त्या मुलीच्या पत्रिकेवर दुसरं काळं होतं, आणि गुण मात्र तिला.

मुलगी रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर होती. डाव्या तळहाताची कड शाईने काळी.

"कुणी दिली उत्तरं?"

"कोण देणार? माझ्याशी इथे बोलतं कोण?" किती वाजले सांगावं, तसं तिने सांगितलं.

"सदतिसावा?"

"कोरा सोडला होता. असे तेरा सोडले. नंतर बघू म्हटलं, तेवढ्यात घंटा झाली."

"मग काय, भुताने रंगवले?"

ती हसली नाही. "नापास म्हणून काढा, चालेल. पण मावशीला मी चोर आहे असं नका सांगू. तिला माझ्याशिवाय कुणी नाही."

पेपर तपासायचे निवृत्त आजोबासर. मागच्या खोलीत त्यांचं टेबल, दोन खुर्च्या आणि त्यांचा तो पुठ्ठा. बरोबर उत्तरांच्या जागी शंभर छिद्रं. पुठ्ठा पत्रिकेवर ठेवायचा; छिद्रातून काळं दिसलं की गुण.

"सर, हा कधी कापलात?"

"पेपर संपल्यावर. सूचीचं पाकीट साहेब तेव्हाच फोडतात."

"नंतर कुणी घेतला होता?"

"छे! खणाची किल्ली माझ्या खिशात. आणि या खोलीत फिरकतं कोण? ती डावखुरी तेवढी. चुकलेली गणितं घेऊन बसते मावशी येईपर्यंत."

दुसऱ्या खुर्चीवर धुतलेली उशी नीट ठेवलेली होती.

मॅडमनी सदतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. मग मुलीची पत्रिका उजेडात धरली, बराच वेळ. आणि संचालकांना नि मुलीला तिथेच बोलावलं.

"साहेब, उत्तरं फुटलेली नाहीत. सूचीत तिसरा पर्याय आहे. दुसरा कुठे आहे? फक्त या पुठ्ठ्यावर. छिद्र एक घर चुकून पडलंय. पुठ्ठा कापला गेला परीक्षेनंतर, म्हणजे तेव्हा पत्रिका मुलांच्या हातात नव्हत्याच."

"मग हिच्याकडे दुसरा आला कुठून?"

"तिच्या वर्तुळांकडे बघा. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा ओल्या शाईवरून फिरतो. सगळी वर्तुळं फराटलेली आहेत. तेरा तेवढी स्वच्छ. तिने कोरी सोडली होती तीच तेरा. कुणीतरी पुठ्ठा वर ठेवून, छिद्रांतून बघत ती भरली. स्वतःचीच चूकही त्याने भरली." मॅडमचा आवाज खाली आला. "किल्ली एकाच खिशात होती, सर."

आजोबासरांनी चष्मा काढला.

"अठ्ठावन्न भरत होते. लागोपाठ दोनदा साठच्या खाली, म्हणजे सकाळच्या तुकडीत रवानगी. संध्याकाळी ती आलीच नसती. घरी गेल्यावर मी भिंतीशी बोलतो हो. दोन गुणच हवे होते. पण एकदा हात सुरू झाला…"

"आणि तिच्यावर आळ आला तेव्हा तोंड शिवलं होतं?" संचालक कडाडले.

"भ्यालो," ते एवढंच म्हणाले. किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

एकाहत्तर खोडून अठ्ठावन्न झाले. चोरीचा डाग गेला. मुलगी मात्र सकाळच्या तुकडीत गेली. आजोबासरांनी डबा आणि लाल पेन पिशवीत टाकलं. उशीही घेतली, मग परत ठेवली.

पाचला दहा मिनिटं होती. ते जिना उतरले तेव्हा ती शेवटच्या पायरीवर बसली होती, मावशीची वाट बघत.

त्यांना मान वर करवेना. तिने दप्तर बाजूला सरकवून पायरीवर जागा केली.

"सर, मला खूप राग आलाय तुमचा," ती म्हणाली, आणि वही उघडली. "पण सदतिसावा मला अजून सुटत नाहीये."