नारिंगी भिंत

लग्नाला वर्ष होत आलं, तरी त्या घरात तिला आपण पाहुणीच आहोत असं वाटे. पडदे नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या पसंतीचे, फडताळातली भांडीसुद्धा पहिलीने लावली त्याच ओळीत. पहिली बायको तापाने गेली, एवढंच नवऱ्याने सांगितलं होतं. पुढे विचारलं की तो ताकास तूर लागू देत नसे. निदान बैठकीची मोठी भिंत तरी आपल्या मनासारखी, भडक नारिंगी करावी, असं तिने ठरवलं.

"दुसरा कुठलाही रंग घे," नवरा कप खाली ठेवत म्हणाला. "तिलाही हाच हवा होता."

"मग दिला का नाही?"

तो उठून आत गेला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

रंगारी म्हातारा, फटकळ तोंडाचा. "ताई, नारिंगी दिसायला दांडगा, झाकायला लेचापेचा. खाली पांढरं अस्तर मारतो, नाहीतर आतलं सगळं वर येईल."

"मारा, मामा. फक्त रंगात फार पाणी घालू नका."

"पाण्याचं म्हणाल तर तुमच्या चहापेक्षा घट्टच ठेवतो."

पहिला हात वाळला, तेव्हा भिंतीच्या मधोमध एक भाग पांढराच राहिला होता. माणसाच्या उंचीचा. वर डोकं, खाली मान, मग खांदे... रंग देताना कोणी भिंतीला पाठ लावून उभं असावं, आणि रोलर त्याच्याच अंगावरून फिरला असावा, तसा.

म्हाताऱ्याने कामचुकारपणा केला, असं वाटून दुसऱ्या हाताला ती स्वतः शेजारी उभी राहिली. रोलर तिथून फिरताना तिने डोळ्यांनी पाहिला. दुपारी भिंत वाळली. पांढरा आकार होताच. फक्त दाराकडे सरकला होता.

रंगाऱ्याचा आवाज एकदम खाली आला. "ताई... तिथं रोलर भिंतीला टेकत नाही. मऊ लागतं."

त्याने डब्यांची झाकणं ठोकून बसवली, सामान तिथंच टाकलं आणि गेला.

नवरा घरी आला, तेव्हा तिने आधी त्याची नखं पाहिली. यानेच रंग खरवडला असेल तर कण अडकलेले दिसतील. नखं स्वच्छ होती.

"ती खरंच तापाने गेली?"

"सांगितलंय ना."

"औषध कोणाचं चालू होतं?"

तो भिंतीकडे पाहत राहिला. "पांढरी करून टाक ती," एवढंच म्हणाला.

सकाळी ती बैठकीत आली, तर भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत नारिंगी. कोरडी, एकसारखी. डब्यांची झाकणं घट्ट होती. दाराजवळ नवरा कामावर जायला तयार उभा होता, आणि कित्येक दिवसांनी हसत होता.

"बघ. उगाच राईचा पर्वत केलास."

तो बूट घालायला वळला.

त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीवर, दोन नारिंगी पंजे होते. समोरून कोणी घट्ट मिठी मारावी तसे. ओले. एक ओघळ अजून खाली उतरत होता.

"जरा बघ गं," तो वाकूनच म्हणाला, "पाठीला काय गार लागतंय?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं... आणि डाव्या पंजाच्या बोटांखालचं कापड हळूच चुरगळत गेलं.