एकोणतीस मिनिटं चाळीस सेकंद

"शेवटचं नाव जाईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आणि एकदा तोंडातून 'हो' गेलं, की ते देवापुढे गेलं असं समजायचं."

मोठ्या बाईंनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माहितीपटांची ही स्पर्धा त्यांनीच सुरू केलेली. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण आवाज अजून कानात आहे. माझे रोजचे काही नेम आहेत. पहाटे नामस्मरण, सूर्य वर येईपर्यंत मौन, सोमवारी उपास. बाईंचं सांगणं मी त्यांतच मिसळून टाकलं. बावीस वर्षांत एकही फिल्म मी अर्धवट सोडलेली नाही.

काम साधं. आलेली प्रत्येक फिल्म पहिल्यांदा मी बघायची, घड्याळ लावून लांबी मोजायची, तक्त्यावर लिहायची, सही करायची. लघु माहितीपटाला तीस मिनिटांची मर्यादा. वर एक सेकंद गेला तरी बाद. लिहिण्याआधी मी मनात देवाचं नाव घेते आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकसं वर्तुळ काढते. त्यावरून ऑफिसात थट्टा होते. "ताईंनी बघायच्या आधीच भोपळा दिला," असं म्हणतात.

यंदाची सत्त्याऐंशी क्रमांकाची फिल्म डोंगरावरच्या एका हवामान केंद्राची होती. ओल धरलेल्या भिंती, पांढऱ्या पेटीतला तापमापक, टेबलावर लांबट वही. करड्या स्वेटरमधला एक कृश माणूस सकाळी आठला पेटी उघडतो, वाकून आकडा वाचतो, वहीत लिहितो. एवढंच. पण त्याचं ते वाकणं मला फार आवडलं. पूजेला बसल्यासारखं होतं. नावं संपली, पडदा काळा झाला. एकोणतीस मिनिटं चाळीस सेकंद. मी सही केली.

फिल्म अंतिम फेरीत पोचली. परीक्षक तिघे होते: एक निवृत्त कॅमेरामन, एक प्राध्यापिका आणि एक संकलक. चहाच्या वेळी प्राध्यापिका म्हणाल्या, "त्या रिकाम्या खोल्या! माणूस नसूनही किती भरलेलं वाटतं."

मी सहज म्हटलं, "आणि ते निरीक्षक. काय निष्ठेनं वाकतात!"

कप थांबले.

"कोण निरीक्षक?" संकलकांनी विचारलं.

"स्वेटरवाले."

कॅमेरामन हसले. "ताई, उपास जरा कमी करा. आता माणसं दिसायला लागली तुम्हाला."

मीही हसले.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर माझ्या टेबलाशी आला. "ताई, ती सत्त्याऐंशी नंबरची फिल्म एकतीस मिनिटांची निघाली. फाइलवर एकोणतीस चाळीसच दिसतंय. चालवली की वाढते. शेवटी नुसतं काळं येत राहतं."

स्पर्धेच्या सचिवांच्या कानावर ते आधीच गेलं होतं. "सही तुमची आहे," ते म्हणाले. "उद्या अकराला सगळ्यांसमोर मोजू. तीसच्या वर गेली तर फिल्म बाद. आणि तुमच्या सहीवर आम्ही पुढे विसंबायचं कसं, ते तुम्हीच सांगा."

मी फिल्म करणाऱ्या मुलीला फोन लावला.

"माणूस?" ती म्हणाली. "अहो, ते केंद्र बंद होऊन अकरा वर्षं झाली. आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं. वहीतली शेवटची नोंद सकाळी आठची, पुढची पानं कोरी." मग तिने विचारलं, "ताई, चार वर्षं घातलीत मी यात. बाद नाही ना होणार?"

"मी मोजलेलं चुकत नाही," मी म्हटलं. पहिल्यांदाच माझा मला भरवसा वाटला नाही.

दुपारी मी ऑपरेटरला फिल्म पुन्हा लावायला सांगितली आणि दाराजवळच्या माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले. नावं संपली. ऑपरेटरला काळं दिसत होतं. मला टेबल दिसत होतं, आणि टेबलामागे तो बसला होता. तो समोर बघत नव्हता. दाराकडे बघत होता, माझ्या खुर्चीच्या दिशेने. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

एकतीस मिनिटं झाली. बत्तीस झाली.

तेहतिसाव्या मिनिटाला मी उठले. बावीस वर्षांत पहिल्यांदा, शेवट व्हायच्या आधी.

"बंद कर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मौन सुटलं तरी मला बोलावंसं वाटेना. अकराला सगळे जमले. पडदे ओढले गेले. सचिवांनी घड्याळ हातात घेतलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. दार लागलं तशी ती ऐकू येईनाशी झाली.

फिल्म सुरू झाली. खोल्या, पेटी, वही. तो वाकला, आकडा वाचला, लिहिलं.

अठ्ठावीस मिनिटं.

नावं वर सरकू लागली. त्यांच्यामागे तो टेबलाशी येऊन बसला. आज आवाज होता. दमलेला, अदबीचा.

"थांबलात, बरं झालं. सगळे आधीच उठतात."

मी आजूबाजूला पाहिलं. प्राध्यापिका नावं वाचत होत्या. कॅमेरामन चष्मा पुसत होते.

"माझ्याच्याने आता होत नाही. नोंद राहून जातेय. रोज आठची. घ्याल?"

एकोणतीस वीस.

मी देवाचं नाव घेतलं. मुलीची चार वर्षं आठवली. माझी सही आठवली. आणि तो माणूस अकरा वर्षं कुणीतरी शेवटपर्यंत बसेल म्हणून थांबला होता, हेही कळलं.

एकोणतीस पस्तीस.

"हो," मी म्हटलं.

पडदा विझला. दिवे लागले.

"एकोणतीस चाळीस," सचिव म्हणाले. घड्याळ त्यांनी दोनदा पाहिलं. "माफ करा, ताई."

"हो कुणाला म्हणालात?" कॅमेरामननी विचारलं.

"स्वतःलाच."

सगळे गेल्यावर मी ऑपरेटरला वहीचं दृश्य लावायला सांगितलं. त्यात खिडकीतून वारा येतो आणि पानं एकामागून एक उलटतात. आधी ती कोरी होती. आता प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीकसं वर्तुळ होतं.

"जरा पुढे घे."

पानं उलटत राहिली. मी मोजायचं सोडून दिलं.

घरी जाऊन दोन लुगडी आणि शाल पिशवीत भरली. जपमाळ घेतली. पेन्सिलीला टोक केलं.

"आत्ता कुठे?" वहिनीने विचारलं. "संध्याकाळपर्यंत येशील ना?"

तिला खोटं सांगवेना आणि खरंही. मी तिच्या हातात घराची किल्ली ठेवली.

डोंगराकडे जाणारी गाडी तीनला सुटते. मला खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टरने विचारलं, "जायचं-यायचं देऊ?"

"नको," मी म्हटलं. "जायचंच द्या."