खालचा ठसा

फिर्मां खोटं बोलायचा ते फक्त पकडलेल्या माशाच्या लांबीबद्दल. बाकी त्याचा शब्द म्हणजे शब्द. आणि ही गोष्ट त्याच्याच दारात संपली.

त्रोंसेच्या जंगलात सिल्व्हँ नावाचा नवा वनरक्षक आला होता, शहरातून. बूट इतके कोरे की रानडुकरांनाही हसू यावं. तळी, ओढे, ओकांचं वय, सगळं नकाशावरून तोंडपाठ. पण सप्टेंबरात नर हरणं माजावर येऊन डुरकायला लागली, की हा गडी गाडीच्या काचा वर करायचा. आणि गावकऱ्यांना म्हणायचा बटाट्याची पोती!

तळ्यामागे एक थोरला ओक होता, राजाच्या जहाजांसाठी राखलेला. राजा गेला, जहाजं गेली, ओक राहिला. झाडं निवडणारी टोळी दरवर्षी त्याला वळसा घालून जायची. शुक्रवारी तोडायच्या झाडांच्या लिलावाची यादी बंद व्हायची होती. त्यात हा ओक बसला, तर सिल्व्हँला वरची जागा पक्की.

तिथली रीत अशी. एकजण साल सोलून सरकारी अक्षरांच्या हातोडीनं दोन ठसे मारतो, एक छातीशी, एक मुळाशी, आणि झाडाची जात नि सेंटीमीटरात जाडी ओरडून सांगतो. दुसरा तीच परत ओरडतो आणि लिहून घेतो. झाड पडलं की वरचा ठसा झाडाबरोबर जातो. खालचा खुंटात राहतो. हातोडी एकट्यानं कधी उचलायची नाही.

म्हातारा लाकूडतोड्या फिर्मां सिल्व्हँला म्हणाला, "साहेब, जोडीला कुणी घ्या."

"तुला घेऊ? तुला मोजता तरी येतं का?"

चौदा नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळचे पावणेसहा. सिल्व्हँ एकटाच गेला. बॅटरी तोंडात धरून साल सोलली. वरचा ठसा मारला. खालचा मारला. मग फोनमध्ये नोंद करायला मोठ्यानं बोलला,

"ओक. एकशे दहा."

झाडामागून आवाज आला. "एकशे दहा."

फिर्मांच टिंगल करतोय, असं त्याला वाटलं. "घरी जा रे, म्हाताऱ्या."

घुबड गप्प झालं.

त्यानं झाडाला फेरी मारली. कुणी नव्हतं. पाचोळ्यात पाऊलसुद्धा नव्हतं...

मग अगदी कानाशी...

"माणूस. अडतीस."

आणि लांबून, तळ्याकडून, दुसरा आवाज. शांत. लिहून घेणाऱ्याचा.

"अडतीस."

सिल्व्हँ पळाला. कसा पळाला, ते काट्यांना विचारा.

साडेसहाला तो फिर्मांच्या दारात. फिर्मां सूप पीत होता. सगळं ऐकून घेतलं, पण चमचा खाली ठेवला नाही.

"मोजता येतं त्यांना," एवढंच म्हणाला.

हातोडी टेबलावर टाकून, चिखलाचे बूट उंबऱ्यावरच सोडून, सिल्व्हँ मोज्यांवर गाडीत बसला आणि गेला. तो पुन्हा त्या गावात दिसला नाही. यादी ओकाशिवाय बंद झाली. सकाळी फिर्मां ओकाजवळ जाऊन आला. साल धड होती. ओरखडासुद्धा नाही.

परत येऊन त्यानं बूट धुतले. उजव्याच्या टाचेवर, चामड्यात खोल, सरकारी अक्षरांचा गोल ठसा.

डावा कोरा.

कोट मात्र सिल्व्हँनं काढलाच नव्हता. गळ्यापर्यंत बटणं लावून गेला.