न आलेला ठसका

इन्स्पेक्शन तोंडावर आलं की खालापूरजवळच्या त्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत झाडांनासुद्धा आंघोळ घातली जाई. माळी पाइप घेऊन पानं धुवायचा, भिंतींना रंगाचा हात फिरायचा आणि शिक्षिका आपसात इंग्रजीच बोलायच्या, अगदी डबा उघडतानाही. मान्यता देणारं पथक येण्याआधी शाळेनं आपलं आपण तपासून घ्यायचं, अशी तिथली रीत. ते काम तेजश्रीचं. प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर बसायचं, ऐकायचं आणि शेरा द्यायचा. बाई फिजिक्सची एमएस्सी. शेरा देताना तिनं कुणाची भीड ठेवली नव्हती.

फक्त तिसरीच्या वर्गात तिच्या पोटात दुखायचं.

तिसरी ऋतिकाकडे होती. पळसदरीच्या भातशेतीवाल्या घरातली पोर, गेल्या वर्षीच लागलेली. इंग्रजी झकास, पण मुलांशी बोलता बोलता मधूनच अस्सल गावचं बोलायची. गुळाला मुंगळे लागावेत तशी पोरं तिला चिकटलेली. त्याचंही तेजश्रीला एवढं काही वाटलं नसतं, पण त्या मुंगळ्यांत तिची लेक होती. पटावर नाव मोठं, घरीदारी नुसती चिमा. जेवताना ‘मिस असं म्हणाली’, वेणी घालताना ‘मिससारखी घाल ना गं’. बाप बोटीवर, घरात दोघीच मायलेकी, आणि त्या दोघींत ही तिसरी येऊन बसली होती. तेजश्रीला ती डोळ्यांसमोर नको झाली होती.

पहिल्या तपासणीला तिसरीतल्या ओमकारनं धडा वाचला. हाच पोरगा मागे अक्षराअक्षराला ठेचकाळायचा. आता खिडकीतून पेंढ्याचा वास येत होता आणि हा घडाघडा वाचत होता, योग्य तिथे थांबत, मजेत. काय वाचतो! आणि हे हिनं शिकवलं? तेजश्री त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. ‘उत्तम’ द्यावंच लागलं. देताना आतून जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी ओमकारला वाचता येईना. पुस्तक उघडून नुसता बसला. अक्षरं दिसतात, म्हणाला, पण ती काही बोलत नाहीत. कर्जतच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. नजर स्वच्छ होती.

मग नकाशा. ऋतिका खडूनं फळ्यावर भारताचा नकाशा काढायची, पुस्तकात न बघता, एका दमात. तेजश्री तिच्या बोटांकडे बघत होती. त्यानंतर ऋतिकाला साधी रेघ ओढता येईना. पेन धरलं की हात ठीक, भाकरी मोडताना ठीक, खडू धरला की थरथरायचा.

योगायोग, असं तेजश्रीनं स्वतःला बजावलं. तरी त्या वर्गात गेली की ती मान खाली घालून बसू लागली, आणि का, ते मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

पथक यायच्या आदल्या दुपारी ऋतिका कागदाची पुडी घेऊन तिच्याकडे आली.

“मॅडम, हसू नका हां. आई म्हणते, वर्गाला दिष्ट लागलीय.” पुडीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. “तुमी उतरवा ना. मोठ्या माणसानं उतरवायची असते. इथं तुमच्याशिवाय माझं मोठं कोण हाय?”

“मी असलं काही मानत नाही गं.”

“मानू नका. नुसती उतरवा.”

नाही म्हणायला कारण सापडेना. पोरं खिदळत एकमेकांना बिलगून उभी राहिली. पुढे चिमा, ऋतिकाचा हात धरून. तेजश्रीनं मुठी वळल्या आणि आजीच्या तोंडचं आठवेल तसं पुटपुटत त्या सगळ्यांवरून फिरवल्या. आल्यागेल्याची, दारच्याची, घरच्याची... तिथं जीभ अडखळली. तिची नजर त्या धरलेल्या हातांवर होती.

पँट्रीत गॅसवर तवा तापला होता. मिरच्या पडल्या, काळ्या झाल्या, धूर दाटला. दोघी नाकाला ओढणी लावून थांबल्या.

खोकला आला नाही. डोळे चुरचुरले नाहीत. जळत्या मिरचीला वासच नव्हता.

“ठसका नाय आला,” ऋतिका हळूच म्हणाली. “म्हंजे लागलीच होती. लई जबर. कुणाची असंल ओ?”

“एक्झॉस्ट चालू असेल.”

दोघींनी वर पाहिलं. पाती थांबलेली होती.

“जाऊ दे. तुमी उतरवलीत ना, आता गेली,” असं म्हणून ऋतिका तिच्या पाया पडायला वाकली. तेजश्रीनं पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात जायचं तिनं टाळून पाहिलं. प्रिन्सिपॉलबाईंनी ऐकलं नाही. पथकासोबत तिला मागच्या बाकावर बसावं लागलं.

पथकातल्या पिकल्या केसांच्या बाई चिमाच्या बाकापाशी उकिडव्या बसल्या. अवघड गेलं की कुणाकडे जातेस, त्यांनी विचारलं.

“मिसकडे.”

“आणि घरी?”

चिमा हसली. “घरीपण मिसच आठवते. डोळे मिटले की दिसते.”

तेजश्री फरशीकडे बघत होती. बघायचं नाही. वर बघायचं नाही.

तिनं वर पाहिलं.

चिमा ऋतिकाकडे बघत होती. आईकडे तिनं असं कधी पाहिलं होतं? ती माया, ते डोळे भरून बघणं तेजश्रीला हवं होतं. सगळंच्या सगळं.

चिमाचं हसू थांबलं.

“बोल ना गं, चिमे,” ऋतिका म्हणाली.

चिमानं तिच्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहिलं. मग उरलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. स्वच्छ, नम्र, एकही चूक नाही.

पथकानं तिसरीला सर्वांत वरचा शेरा दिला.

ऋतिका कॉरिडॉरमध्ये रडत होती. “माझ्या जवळच येत नाय ओ ती. काय केलं मी?” तेजश्रीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. आज चिमाची वेणी आपण आपल्या मनासारखी घालायची, असं ती ठरवत होती.

कर्जतकडे जाणारी शाळेची बस उभी होती. चिमा खिडकीशी बसली होती. तेजश्री तिच्यापाशी गेली.

“चिमे.”

पोरीनं मान वर करून पाहिलं. शेजारचं दप्तर तिनं उचलून मांडीवर घेतलं आणि अंग चोरून खिडकीकडे सरकली.

“बसा ना काकू,” ती म्हणाली. “इथं कुणी नाहीये.”