साहेबांच्या मृत्यूची नोंद

साहेब वारले, ही बातमी साहेबांना पेट्रोल पंपावर कळली.

कार्ड चालेना. दुसरंही चालेना. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा धडाका लावला. साहेबांनी चिडून आपल्याच बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं खातं उघडून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आपल्या दुःखात बँक सहभागी आहे."

दुपारी दक्षता विभागाच्या बाई साहेबांच्या कचेरीत चौकशीला पोचल्या. या इमारतीत बँकेचं पडद्यामागचं काम चालायचं, ग्राहकाला कधी न दिसणारं. ते आता दुसऱ्या शहरात जाणार होतं आणि इथं कुलूप लागणार होतं. निम्मी टेबलं उचललेली. फरशीवर त्यांच्या पायांचे डाग तेवढे उरलेले. बाईंनी एक टेबल आणि दोन खुर्च्या मागून घेतल्या.

*समोरच्या खुर्चीत: मयत*

"चौकशी कसली त्यात?" साहेब कडाडले. "खातेदार वारला की त्याची नोंद करणारं टेबल एकच. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजूर. नोंद चिमणीच्या पासवर्डनं झालीय, मंजुरी मास्तरच्या. त्या टेबलावरच्या या दोघांनाच मी नव्या केंद्रात घेतलंय. बघा उपकाराची फेड!"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे घरी. संध्याकाळी मला ही दोन नावं लिहून हवीत. नोकरी जाईलच, पोलिसातही देणार."

"दुसरं कुणी असलं तर?"

"कोण असणार? भूत?"

भूत तर माझ्यासमोर बसलंय, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

*समोरच्या खुर्चीत: चिमणी*

तिचे डोळे रडून सुजले होते.

"मी कशाला करू, मॅडम? मला तर नोकरी मिळालीय. घरात कमावणारी मी एकटी."

"तुझा पासवर्ड कुणाला माहीत होता?"

"सगळ्यांना. नव्या केंद्रातल्या लोकांना शिकवायचं म्हणून कुणीही कुणाच्याही जागी बसायचं. पासवर्ड फळ्यावरच लिहिले होते."

"नोंद कशी करायचीस, सांग."

"मृत्यूचा दाखला आला की काकी बघायच्या. काकी म्हणजे आमच्या टेबलाच्या प्रमुख. मग त्यांचा फोन होईपर्यंत थांबायचं. रिसीव्हर ठेवून त्यांनी मान हलवली की मी नोंद करायची."

"फोन कुणाला?"

"काय की. पाठ फिरवून हळू बोलायच्या."

*समोरच्या खुर्चीत: मास्तर*

"साहेबांवर राग आहे?"

"नसायला मी काय दगड आहे?"

"मग तुम्हीच केलंत?"

"बाई, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या. गुन्हा करायला मी स्वतःचा पासवर्ड वापरीन?"

"संशय कुणावर?"

"काकी सोडून सगळ्यांवर. घरी पाठवलेल्यांच्या निरोपाच्या दिवशी त्यांनी साहेबांना स्वतःच्या हातानं केक भरवला. आमच्या घशाखाली उतरेना."

*समोरची खुर्ची रिकामी. फोनवर: मयताची बायको*

"तुमची फार अडचण झाली असेल, ताई."

"माझी कुठली? यांची झाली. मला आदल्या दिवशीच बँकेतून फोन आला होता."

"बँकेतून?"

"एक बाई होत्या. म्हणाल्या, उद्यापासून खातं अडेल, घरात कुणी आजारी असेल तर औषधं आजच आणा, घरखर्चाला लागतील तेवढे काढून ठेवा. मला वाटलं, यंत्रांची काही दुरुस्ती असेल. फार मायेनं बोलल्या हो."

"साहेबांना सांगितलं नाहीत?"

"हे घरी बोलतात कुठे?"

बाईंनी फोन ठेवला आणि काकींना बोलावलं.

*समोरच्या खुर्चीत: काकी*

"काकी, पासवर्डांवरून काहीच ठरत नाही," बाई म्हणाल्या. "ते फळ्यावर होते. रागावरून ठरवावं, तर सगळी इमारत आत टाकावी लागेल. पण सूड घेणारा माणूस आदल्या दिवशी फोन करून औषधं आणून ठेवा म्हणत नाही."

काकींची नजर टेबलावरच्या फोनकडे गेली.

"बँकेचा नियम आहे, आधी खातं गोठवायचं, मग घरी पत्र. फोन नियमात नाही. तो तुमचा होता. कुठल्या बाईवर दुकानात कार्ड पुढे करून रिकाम्या हातानं परतायची पाळी येऊ नये, म्हणून. तुमचा फोन झाल्याशिवाय या टेबलावर कुणी मेलंच नाही. साहेबसुद्धा."

काकींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिचा काय दोष होता? हात आपोआप फोनकडे गेला बघा."

"का केलंत?"

"मी त्याला दोनदा तोंडावर विचारलं, माझ्या टेबलावरच्या मुलींना नव्या केंद्रात काम मिळेल ना? हो म्हणाला. मी तो शब्द मुलींना दिला. माझ्या भरवशावर त्यांनी हातात आलेल्या दुसऱ्या नोकऱ्या सोडल्या, परक्यांना काम शिकवलं. शिकवून झालं आणि यानं दोघं सोडून सगळ्यांना हाकललं. आता त्या मला रस्त्यात बघून पलीकडून जातात." त्यांचा आवाज चढला. "त्याचं काय गेलं? एक दिवसाचं पेट्रोल!"

"त्याचं काहीच गेलं नाही. जाणार आहे ते चिमणीचं आणि मास्तरांचं. तो दोघांना पोलिसात देतोय."

काकींचा चेहरा उतरला. "पासवर्ड सगळ्यांनाच ठाऊक होते. मला वाटलं, कुणावरच येणार नाही."

"मी गप्प बसले तर त्यांच्यावर येईल. बोलले तर तुमची पेन्शनसुद्धा जाईल."

"मग बोला की! वाट कसली बघताय?"

दार ढकलून साहेब आत आले. "झाली दोन नावं?"

"एकच," बाई म्हणाल्या. "ते दोघं निर्दोष आहेत. नोंद यांनी केली."

साहेबांनी काकींकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, नीट. मग बाईंकडे वळून विचारलं, "या कोण?"

काकी हसल्या. तसं हसू त्या चेहऱ्यावर कुणी कधी पाहिलं नसेल. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"घ्या लिहून, बाई," त्या म्हणाल्या. "सगळं लिहा. फक्त मला पश्चात्ताप झाला, असं कुठं लिहू नका."