दगडाची अर्धी कांडी

"पैसे बुडाले ते बुडाले, उल्काताई. मला एकच सांगा, बापूला माहीत होतं का?"

श्यामसुंदर लिमये यांनी जन्मभर कोथरूडच्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीची सगळी पुंजी एका सोन्याच्या खाणीच्या शेअरमध्ये घातली. खाणीत सोनंच नाही हे मागच्या आठवड्यात जाहीर झालं. शेअर रद्दीच्या भावात आला. सरांनी पोलिसांना नाही, खासगी गुप्तहेर उल्का साठे यांना घरी बोलावलं. कारण बापूराव म्हणजे टेकडीवर फिरायला जाण्याचा बावीस वर्षांचा जोडीदार, आणि त्याच्याच शब्दावर सरांनी शेअर घेतले होते.

उल्काताईंनी टेबलावरचे कागद घ्यायला वरचा दगड उचलला. एका बाजूनं गोलसर, दुसरीकडून सपाट.

"हा असा अर्धा कसा?"

"बापू सरकारी नोकरीत भूवैज्ञानिक होता. जमिनीत खोल भोक पाडून अशा दगडी कांड्या काढतात. आमच्या मैत्रीची खूण म्हणून दिली त्यानं. दुसरी अर्धी त्याच्याकडे आहे."

"ही बरोबर घ्या."

कागदांत एक फोटो होता. खाणीवरची शेड, पेट्यांत ओळीनं मांडलेल्या गोल गुळगुळीत कांड्या आणि मध्ये हसणारे बापूराव.

आधी दोघं शेअर दलाल ऋचाकडे गेले. शेअर तिच्यामार्फत घेतलेले, तेव्हा सरांचा सगळा राग तिच्यावर.

"अहो काका, मीच नको म्हणत होते ना! मालक स्वतःचे शेअर गुपचूप विकत होते. ज्याला आपल्याच खाणीचा भरवसा नाही, त्याच्यावर आपण कशाला ठेवायचा? तर तुम्ही म्हणालात, बापू स्वतः बघून आलाय."

म्हणाले होते खरे. सर जिना उतरले.

बापूरावांनी हसत दार उघडलं. "या! म्हणजे आता माझी चौकशी का? अरे श्याम, मीही फसलोच की."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," उल्काताई म्हणाल्या. "सोनं आहे हे ठरवतात कसं?"

बापूराव खुलले. कपाटातली आपली अर्धी कांडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "कांडी उभी चिरायची. अर्धी प्रयोगशाळेत जाते, तिथं तिचं पीठ करतात. अर्धी पेटीतच ठेवायची, उद्या कुणाला शंका आली तर पडताळायला. जन्मभर हेच केलं."

"आणि या खाणीचा अहवाल?"

"जानेवारीत आला. मार्चमध्ये मी जाऊन त्याच पेट्या डोळ्यांनी पाहिल्या."

उल्काताईंनी फोटो पुढे केला. "याच?"

"याच. पेट्यांवरचे नंबर बघा, अहवालात तेच आहेत."

सरांचा जीव भांड्यात पडला. "बघा! सरळ माणूस आहे हो."

"सर, पेटीतल्या कांड्या कशा आहेत?"

"गोल."

"अख्ख्या?"

सरांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला आणि तिथंच उभे राहिले.

"जानेवारीत तपासल्या असत्या, तर मार्चमध्ये पेटीत अर्ध्याच उरल्या असत्या," उल्काताई म्हणाल्या. "यांना करवत लागलेलीच नाही. प्रयोगशाळेत काही गेलं नाही, अहवाल घरी बसून लिहिला. मालकांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी शेअर विकले. ऋचाला माणसं कळली, दगड नाही. सर, तुम्हालाही दगड कळला नसता. त्या शेडमध्ये एका नजरेत ओळखेल असा माणूस एकच उभा होता."

"बापू, अरे काहीतरी बोल की!"

बापूरावांनी मान वर केली नाही. "सल्लागार नेमलं होतं रे मला. गाडी पाठवायचे, साहेब म्हणायचे. निवृत्तीनंतर अकरा वर्षं कुणी कुत्रं विचारत नव्हतं. म्हणाले, तुमच्या विश्वासाची दोन-चार माणसं आणा."

"आणि तू मला नेलंस."

"वाटलं, लागेल कधीतरी सोनं."

सरांनी फोटो टेबलावर ठेवला. "ती पोरगी मालक बघा म्हणून कानीकपाळी ओरडत होती. मी कशाला बघतोय मालक! मी तुला बघून पैसे घातले रे."

त्यांनी पिशवीतून आपली अर्धी कांडी काढली आणि बापूरावांच्या अर्ध्या कांडीशेजारी ठेवली.

"पडताळून झालं," ते म्हणाले आणि चपला घालायला वाकले.